जिताड्याचं डोकं आणि तिसरी पिन

आमच्या सासूबाईंना जावई दोन. थोरला मी, पनवेलचा. धाकटा रोडपालीत राहतो आणि त्याला सगळं येतं. माझ्या दुःखाला खरं तर एवढं कारण पुरे, पण सांगायला घेतलंच आहे तर पुढचंही ऐका.

त्या रविवारी सासूबाई उरणहून अख्खा जिताडा घेऊन आल्या. त्यांच्या कालवणातलं माशाचं डोकं मानाच्या जावयाच्या ताटात पडतं, आणि लग्न झाल्यापासून तो मान माझा. मासा ठेवायला त्यांनी फ्रिजचं दार धरलं आणि हात झटकत मागे सरल्या.

"तुमचा फ्रिज चावतो!"

"आई, थंडी चावली असेल."

"मला काय खोटं बोलायची हौस हाय?"

मी पुढे झालो. दार उघडलं, लावलं, म्हशीची पाठ थोपटावी तसा फ्रिज थोपटला. काही नाही. "बघा, मनाचे खेळ!"

"खेळ तर खेळ. मी चालले धाकटीकडे. जिताडा तिथंच रांधीन."

म्हणजे डोकं रोडपालीला निघालं! मी स्क्रूड्रायव्हर शोधायला धावलो, तर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही राहू द्या. मी त्यालाच बोलावते." या 'राहू द्या'वर आमचा संसार उभा आहे.

साडू आला. बूट दाराशी काढून अनवाणी आत शिरला आणि खिशातून टेस्टर काढला. सुट्टीच्या दिवशीही खिशात टेस्टर बाळगणारी माणसं मला मुळातच आवडत नाहीत. त्याने टेस्टर फ्रिजच्या पत्र्याला टेकवला. आतला दिवा लाल पेटला. मला तो डोळा मारल्यासारखा वाटला.

"दादा, तुम्हाला शॉक बसत नाही?" असं विचारता विचारता त्याची नजर माझ्या पायांवर गेली.

टाच दुखते म्हणून मी घरभर जाड रबरी चपला घालून हिंडतो, बायकोच्याही पायात तशाच. सासूबाई मात्र प्राण गेला तरी स्वयंपाकघरात चप्पल घालणार नाहीत. आणि तो प्राण जायची सोय मीच करून ठेवली होती. गेल्या महिन्यात फ्रिज हौसेने खिडकीपाशी हलवला. तिथलं सॉकेट दोन पिनांचं, प्लग तीन पिनांचा. मी बाजारातून दोन पिनांचा अडॅप्टर आणून भागवलं. तिसरी पिन अधांतरी. "दोघांत भागतंय, तर तिसरी कशाला?" हा विनोदही तेव्हा मीच केला होता.

साडूने मेन स्विच पाडला, फ्रिज जुन्या जागी, तीन पिनांच्या सॉकेटवर नेला, मग मेन वर केला. टेस्टर गप्प.

"तिसरी पिन अर्थिंगची, दादा. आत गळती झाली की करंट तिच्यातून जमिनीत जातो. ती नसली तर माणसातून जातो. उद्या मेकॅनिकला दाखवाच."

"आणि व्होल्टेज?" मी त्याला पेचात पकडायला विचारलं.

"ते एकट्याचं नसतंच. दोन जागांमधला फरक म्हणजे व्होल्टेज. फरक असला आणि मधे वाट मिळाली, की करंट वाहणार."

हे मात्र मला पटकन समजलं. दोन जावई, त्यांच्यातला फरक, आणि मधे अनवाणी सासूबाई.

सासूबाई कुठे गेल्या नाहीत. जिताडा आमच्याच गॅसवर शिजला, म्हणजे जिंकलो मीच. पानं वाढली. सासूबाईंचा डाव डोक्यासकट माझ्या ताटावर आला, क्षणभर थांबला आणि पुढे सरकला.

"डोकं चालवलं त्यानं, तर डोकं त्यालाच," त्या म्हणाल्या. "तुमाला शेपूट चालंल ना?"

"मला शेपूटच आवडते," मी म्हणालो. समोर साडू डोळे मिटून डोकं चोखत होता. इतक्या आवाजात चोखायची खरंच गरज नव्हती.

"जावईबापू, उठताच हाव तर फ्रिजमधलं लिंबू आणा."

मी उठतही नव्हतो.

"चप्पल काढून जा!"

गेलो. अनवाणी. दार घट्ट धरून उभा राहिलो. फ्रिज अजिबात चावला नाही. तेवढं तरी करायला हवं होतं त्याने.