उद्यामास्तर आणि जन्माची जोड

टीव्हीवर ती जाहिरात लागली की उद्यामास्तरांचं डोकं फिरायचं. हातातली टेप गळ्यात टाकून ते थेट पडद्यासमोर उभे राहत आणि भांडायला लागत.

मास्तर शिंपी होते. राहत्या घराची पुढची खोली हेच दुकान. कात्री धरली की हात सोन्याचा, पण तारीख विचारली की तोंडात एकच शब्द. "काजं-बटणं तेवढी राहिलीत, उद्या घेऊन जा," असं ते इतक्या गोड आवाजात सांगत की गिऱ्हाईक हसत परत जाई आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा ऐकून जाई. त्यावरून गल्लीने त्यांचं हे नाव पाडलं होतं.

आणि जाहिरात होती कापड चिकटवायच्या गोंदाची. एक बाई नाजूकपणे थेंब टाकते, फाटलेली पँट जुळते, दोन पहिलवान ती दोन्हीकडून ओढून घामाघूम होतात, पँट आपली जशीच्या तशी. "सुईदोऱ्याला सुट्टी! एक थेंब, जन्माची जोड!" खाली मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत काहीतरी सरकून जाई.

"जन्माची जोड म्हणे! अरे, लोकांना काय दूधखुळं समजता? धडधडीत खोटं बोलायला जीभ कशी रेटते तुमची?"

"जरा मोठ्याने बोला, त्यांना ऐकू गेलं नसेल," बायको आतून म्हणे.

शेवटी मास्तरांनी ती ट्यूब विकतच आणली. चिंधीवर लावून बघायची, उसवलं की कंपनीकडे तक्रार ठोकायची, असा बेत होता. कधी? उद्या! ट्यूब मशीनच्या खणात पडून राहिली.

मशीनशेजारच्या खुंटीला लेकीचा कोट टांगलेला होता. तिची नोकरीची मुलाखत होती. बरेच नकार पचवून झाल्यावर या जागेत तिचा जीव अडकला होता. बापाने हौसेने निळं कापड निवडलं, झोकात बेतलं. सगळा कोट तयार, फक्त उजवी बाही कच्च्या टाक्यांवर.

"बाबा, बाही?"

"उद्या पक्की करतो गं राणी."

मुलाखतीच्या सकाळी मास्तर दूध घेऊन परतले, तर खुंटी रिकामी. खाली कच्चे टाके उसवून टाकलेले आणि ट्यूब पिळून पार सपाट.

"अगं, कोट कुठाय?"

"गेली घालून," बायको म्हणाली.

"आणि बाही?"

"चिकटवली. म्हणाली, बाबांच्या उद्यापेक्षा ते पहिलवान बरे."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. पोरीची इतक्या दिवसांची आशा एका थेंबावर लटकली होती, आणि तीही त्यांच्यामुळे. तेवढ्यात टीव्हीवर नेमकी तीच जाहिरात लागली. पहिलवान ओढू लागले तसे मास्तरांनी हात जोडले.

"बाबांनो, आजच्या दिवस खरं बोला. तुमच्या पाया पडतो."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुपारी लेक दारात उभी राहिली. अंगात कोट, उजवी बाही हातात.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "कधी निघाली गं?"

"आत गेल्या गेल्या. मॅडमशी हात मिळवला, तर बाही त्यांच्याच हातात."

"अरे देवा! मग?"

"मग काय, खरं ते सांगितलं. म्हटलं, माझे बाबा एक नंबर शिंपी आहेत, बाही ते उद्या लावणार आहेत. मॅडमना हसू आवरेना. म्हणाल्या, माझाही शिंपी असलाच आहे! तिथून ज्या गप्पा रंगल्या..."

"अगं, पण नोकरी?"

"मिळाली! उद्यापासून या म्हणाल्या." तिने बाही मशीनवर ठेवली. "आणि बाबा, त्यांचा उद्या म्हणजे उद्याच असतो हं."

मास्तरांचे डोळे भरून आले. टीव्ही बंद करून त्यांनी सुईत दोरा ओवला आणि तिथल्या तिथे बाही पक्की करायला घेतली. एवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं.

"मास्तर, माझी पँट?"

"उद्या..." मास्तरांनी जीभ चावली. लेकीकडे बघितलं. "नाही हो. अजून कापलीसुद्धा नाही. पंधरा दिवस तरी लागतील."

गिऱ्हाईकाचा चेहरा पडला. "काय हे मास्तर! निदान उद्या तरी म्हणायचं!"