मनगटावरची पट्टी

भूकंपात लातूरच्या मैदानात तंबूंखाली पेशंट ठेवले होते. खाटाच पुरत नव्हत्या, तर नंबर कुठले? म्हणून आम्ही नर्सेस बँडेजची पट्टी फाडायचो, तिच्यावर नाव लिहून पेशंटच्या मनगटाला बांधायचो. पट्टी वाचल्याशिवाय सुई टोचायची नाही. पुढे लातूर बदललं, गल्लोगल्ली कोचिंगचे क्लासेस निघाले, तरी आमच्या दवाखान्यात पट्टी राहिली.

मग आमचा दवाखाना एका मोठ्या रुग्णालयात विलीन झाला आणि दोन्हीकडच्या नर्सेसची प्रमुख मला केलं. तिकडे औषध खाटेच्या नंबरावर चालायचं. बैठकीत आमच्या पट्टीवर हशा पिकला. "मॅडम, आता तंबू गेले!" मी आपल्याच माणसांचं घोडं पुढे दामटते असं दिसायला नको म्हणून पट्टी सोडली. खरं तर भांडायचा कंटाळा आला होता.

पुढच्याच आठवड्यात सकाळच्या फेरीला नऊ नंबरच्या खाटेवर एक पोरगी घामाने निथळत होती. मुखेडहून क्लाससाठी आलेली, तापाची पेशंट. हाक मारली तर नजर भलतीकडेच. पण नऊ नंबर तर साखरेचा आजार असलेल्या आजींचा! आजी दारापाशी, पोरीच्या खाटेवर बसलेल्या. भूकंपात त्यांचं घर अंगावर कोसळलं होतं.

"आत लई भ्याव वाटतंय, सिस्टर. पोरीनंच जागा दिली."

तिकडच्या तरुण सिस्टरने नंबर बघून आजींचं इन्सुलिन पोरीला दिलं होतं. पोरीच्या पोटात कालपासून अन्नाचा कण नव्हता, तिची साखर एकदम खाली गेली होती.

मी शिरेतून ग्लुकोज द्यायला घेतलं. भूकंपातही मी भ्यायले होते, पण ते माझ्या हातून झालं नव्हतं. "नाव सांग, बाळा, नाव सांग," मी म्हणतच राहिले. ती बोलत नव्हती, तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं, ते मलाच आठवत नाही. शेवटी तिने नाव पुटपुटलं, मग आडनाव, मग सवयीने क्लासचा रोल नंबरही.

मी बँडेज फाडलं, नाव लिहिलं. गाठ त्या तरुण सिस्टरने रडत रडत मारली.

तेवढ्यात पोरीची आई डबा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, पट्टीच्या जुन्या रीतीसकट. ती लेकीच्या मनगटाकडे बघत राहिली.

"मंग आधी का न्हाई बांधली, बाई?"

पट्टी मीच कंटाळून सोडली, हे कारण मी अहवालात लिहिलं, खाली माझं नाव टाकलं. तिच्यापुढे मात्र मी पट्टीची गाठच पुन्हा पुन्हा तपासत बसले.