मनकर्णाबाईचा पाट

देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाची मनकर्णाबाईला किळस होती. नुसतं दिल्लीचं नाव निघालं तरी ती तोंडाला पदर लावायची. अमडापुरातले लोक हसायचे. हसायला काय जातं!

पहिला नवरा वारल्यावर मनकर्णाबाईने उकंडरावाशी पाट लावला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. समाजात ते रीतसर चाले, पण पाटाची नवरी पाहणं अशुभ. म्हणून पाट अंधार पडल्यावर लागे आणि जमलेली माणसं भिंतीकडे तोंड करून बसत. गाठ बांधली की झालं. पुढे तिने नेटाने संसार केला, उकंडरावाची म्हातारी माय मरेपर्यंत सांभाळली. उकंडराव गेला आणि तेरवीची पंगत उठते न उठते तोच धाकटा दीर रंगराव म्हणाला, "कायचा पाट? भावानं ठेवलेली बाई हाये ही." त्याला घर हवं होतं, वावर हवं होतं. ते जायचं दुःख मनकर्णाबाईला होतंच, पण त्या 'ठेवलेली' शब्दाने तिच्या अंगाची लाही लाही झाली. आपण बायको होतो, एवढं तिला कोणीतरी म्हणायला हवं होतं.

बुलढाण्याच्या कोर्टात साक्षी झाल्या. गाठ बांधणारा म्हातारा केव्हाच वारला होता. समाजातले वडीलधारे पंजाबराव पिंजऱ्यात उभे राहिले.

"पाट लागताना तुम्ही पाहिला?"

"नाही साहेब, पाह्यला नाही."

खोटं काय होतं त्यात? पण पाहायची रीतच नसते, एवढं एक वाक्य त्या शहाण्याच्या तोंडून निघालं नाही. त्याला रंगरावाच्या शेजारी नांदायचं होतं. बाकीच्यांनीही तीच री ओढली. कोर्टाने लिहिलं, पाट शाबीत नाही. नागपूरच्या हायकोर्टाने तेच कायम केलं.

तिथल्या वकिलाने मग दिल्लीला अपील नेलं, तेही फी न घेता. रिवाजाने लागलेला पाट हे लग्न आहे की नाही, हा प्रश्न त्याला फार आवडला होता. मनकर्णाबाईला वाटलं, एवढे मोठे न्यायाधीश आपल्याला निदान विचारतील तरी. ती हट्टाने सोबत गेली. उंच दालनात तीन न्यायाधीश बसले होते. काळ्या कोटातले वकील इंग्रजीत बोलत, न्यायाधीश मध्येच अडवत, मग कोणी जाडजूड पुस्तक उघडून जुना निकाल वाचून दाखवी. तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

"मले काई इचारत काऊन नाही?" तिने वकिलाला हळूच विचारलं.

"इथं साक्षी होत नाहीत, बाई. खाली जे लिहिलं गेलं, तेच वाचतात."

"आन खाली लबाडी लिहिली असन तं?"



निकालाच्या दिवशी वकिलाचा आनंद पोटात मावेना. "मोठी केस झाली, बाई! पाट हे पुरं कायदेशीर लग्न आहे, असं कोर्टानं ठरवलं. आता देशभर तुमच्या केसचा दाखला देतील."

"म्हंजे मी बायको?"

"तसं नाही. तुमचा पाट लागला की नाही, हा कायद्याचा प्रश्न नव्हे. त्यावर खालची दोन्ही कोर्टं एकमताची असली की हे कोर्ट सहसा त्यात हात घालत नाही. अपील फेटाळलं."

म्हणजे साऱ्या मुलखातल्या बायांचा पाट खरा, आणि जिने तो खरा करून घेतला तिचा तेवढा खोटा! मनकर्णाबाई भावाच्या पडवीत राहायला आली.

वर्षभराने रंगराव त्या पडवीत येऊन उभा राहिला. त्याची लेक पंचफुला विधवा होऊन घरी आली होती आणि सोनाळ्याच्या स्थळाशी तिचा पाट ठरला होता. नवरीला लुगडं नेसवायला सवाष्णी येत नाहीत, पाट लावलेलीच बाई लागते.

"वयनी, तुमीच पाह्यजे," तो म्हणाला.

वयनी! कोर्टात ठेवलेली, आणि लुगडं नेसवायला वयनी.  मनकर्णाबाई त्याला हाकलूनच देणार होती, पण त्या पोरीने तिचं काय वाईट केलं होतं?

"येईन. पन पाट दिवसा लागन, पारावर. आन सारे इकडं तोंड करून बसतीन."

रंगराव आकांडतांडव करील असं तिला वाटलं. कसलं काय! "चालन," म्हणाला आणि गेला. लेक स्वतःची होती ना.

पाट भर दुपारी लागला. झाडून साऱ्यांनी पाहिला, कोणावर आभाळ कोसळलं नाही. पंगतीत पंजाबराव छाती काढून म्हणाले, "आता कोन्याई कोर्टात उभं करा मले. सांगीन, या डोयानं पाह्यला."

"मंग माह्या टायमाले एवढंच काऊन नाही सांगतलं, का पाहाची रीतच नसते?"

"तसं कोनं इचारलं, बाई? पाह्यला का, एवढंच इचारलं," पंजाबराव बुंदी चघळत म्हणाले. "खोटं नाही बोललो मी. देवाशपथ."

"नाही बोलले," मनकर्णाबाई म्हणाली. "दिल्लीवालेई नाही बोलले."

आणि घासही न घेता ती पत्रावळीवरून उठली.