झेंझीला लांब पडलेली जोडी

झेंझीच्या दुकानात स्की घ्यायला गेलं की आधी मुकाट उभं राहावं लागे. ती माणसाकडे बघतच नसे. त्याची जुनी जोडी टेबलावर उलटी ठेवायची, पोलादी कडांवरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि मग निकाल द्यायचा. "तू वळत कुठे होतास? नुसता घसरत होतास."

ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतातल्या त्या गावात हौशी शर्यतीचं वेड सगळ्यांनाच. बँकेतला साहेब असो की दूधसंघातला माणूस, पन्नाशी उलटली तरी दर फेब्रुवारीत क्लबच्या जायंट स्लालमला छातीवर नंबर बांधायचाच. उतारावर दूरदूर रोवलेल्या लाल-निळ्या दारांतून मोठी वळणं घेत खाली यायचं, एवढंच काम. पण त्यासाठी प्रत्येक बाप्याला हवी असे ती टीव्हीवरच्या पोरांची जोडी, एकशे त्र्याण्णव सेंटिमीटर लांब आणि फळीसारखी ताठ.

झेंझी दोन स्टुलांवर ती स्की आडवी टाकी आणि म्हणे, "दाब तळव्याने. वाकली तर वळेल. नाही वाकली तर तू तिच्यावरचं सामान आहेस."

बहुतेकांच्याने ती वाकत नसे. मग झेंझी निमूटपणे एकशे त्र्याऐंशीची जोडी पुढे करी. ती बायकांची लांबी हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि दुकानात ते कोणी बोलत नसे. स्कीच्या शेपटीवर लांबीचा आकडा छापलेला असतो आणि लिफ्टच्या रांगेत मागच्याची नजर नेमकी तिथेच जाते. म्हणून झेंझीने गल्ल्याशेजारी काळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं ठेवलं होतं. गिऱ्हाईक आकड्यावर पट्टी चिकटवायचं आणि ती खिडकीबाहेर बघत राहायची. तीस वर्षांत तिने एकाचंही नाव फोडलं नाही.

ती स्वतः बासष्ट वर्षांची. साठीवरच्या बायकांच्या गटात दोन वर्षं ती एकटीच होती, त्यामुळे पहिली आणि शेवटची एकाच दिवशी यायची. पण यंदा टपाल वाटणाऱ्या गेरलिंडेला साठ पूर्ण झाली. गेरलिंडे पायाने चपळ आणि तोंडाने त्याहून. तेव्हा झेंझीने ऑक्टोबरात पहिल्यांदाच स्वतःसाठी कोरी जोडी निवडायला घेतली. तीन आठवडे ती चार जोड्यांशी भांडत होती. एक टोकाशी फारच मऊ, दुसरी बर्फावर थरथरणारी. शेवटी जी मिळाली तिच्यावर ती अक्षरशः भाळली. कडा तिने स्वतः घासल्या, मेण स्वतः चढवलं.

जानेवारीत एका दुपारी तिची भावजय हेर्मिने दुकानात आली आणि टोपी न काढताच खुर्चीत बसली.

"ओथमार काल सरावात तिसऱ्या दाराशी सरळ जाळीत गेला."

"लागलं?"

"लागलं नाही. पण घरी येऊन सूपला हात लावला नाही. यंदा पन्नासावी शर्यत त्याची. डॉक्टर हो म्हणालेत, स्कीच नाही म्हणतेय."

ओथमार झेंझीचा चार वर्षांनी मोठा भाऊ. जन्मभर जंगलात झाडं तोडलेला, दणकट माणूस. शरद ऋतूत पोटाचं ऑपरेशन झालं आणि चौदा किलो उतरला. त्याची एकशे त्र्याण्णवची जोडी आता त्याच्या वजनाला दाद देत नव्हती.

"छोटी दे त्याला," हेर्मिने म्हणाली.

"दुकानातून दिली तर नाव काढून घेईल शर्यतीतून. ओळखत नाहीस का त्याला?"

"ओळखते म्हणून तर आले. माझ्यापुढे नुसता हं हं करतो."

हेर्मिने गेल्यावर झेंझी बराच वेळ आपल्या नव्या जोडीसमोर उभी राहिली. तिला आठवली ती दुसरी जोडी. ती तेरा वर्षांची होती, ओथमार सतराचा. लहानपणापासून तिला त्याच्याच झिजलेल्या स्की मिळत आल्या होत्या. त्या साली त्याने पहिल्या कमाईतून कोरी जोडी घेतली, एकच शर्यत धावला आणि ख्रिसमसला वडिलांपुढे उभा राहून म्हणाला, "मला आखूड पडतात या. झेंझीला द्या." वडील भडकले. सोन्यासारखी जोडी एका हंगामात आखूड कशी पडली? पण पोराने शब्द बदलला नाही. पुढची दोन वर्षं तो काकाच्या जुनाट लाकडी स्कींवर धावला आणि दोन्ही वर्षी मागे पडला. झेंझी मात्र त्या जोडीवर जिल्ह्यात तिसरी आली.

तेव्हा तिला काहीच कळलं नाही. कळलं ते दुकानात स्की देण्याआधी लोकांची उंची मोजायला लागल्यावर. माहेरच्या स्वयंपाकघराच्या दारावर वडिलांनी पेन्सिलीने मुलांच्या उंचीच्या रेघा ओढलेल्या होत्या. एक दिवस तिने मुद्दाम जाऊन त्या बघितल्या आणि तिथेच बसून रडली. भावाला मात्र कधी बोलली नाही. अशा गोष्टीबद्दल आभार मानले तर ती गोष्टच मोडते, असं तिचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवी जोडी खांद्यावर टाकून भावाच्या घरी गेली. तो शेडमध्ये आपल्या लांब स्कींच्या कडा घासत होता.

"ही ठेव तू," ती म्हणाली. "मला लांब पडते."

ओथमारने कानस खाली ठेवली. "लांब? तीन आठवडे गाव ऐकत होतं तुझी निवड."

"चुकले निवडताना."

"तीस वर्षांत गावात कोणासाठी चुकली नाहीस ती स्वतःसाठी चुकलीस?"

"म्हातारपणी माणूस आखूड होतो. मीही झाले."

त्याने शेपटीवरचा आकडा पाहिला. "बायकांची आहे."

"हो, बायकांचीच आहे," झेंझी म्हणाली. दुकानात तिने हे कधीच उच्चारलं नसतं. "आणि मला फार आवडली होती."

त्याने दोन ओंडक्यांवर स्की आडवी ठेवली आणि तळव्याने दाबली. ती वाकली. तो तळवा तसाच ठेवून उभा राहिला.

"खोटं बोलतेस, झेंझी."

"माहेरच्या दारावर तुझ्या दोन रेघा आहेत अजून. सोळाची आणि अठराची. मध्ये बोट मावत नाही. वाढला होतास कुठे तू?"

ओथमारचे कान लाल झाले. त्याने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"रेघा त्यांनीच ओढल्या होत्या."

"मग ओरडले कशाला एवढे?"

"ओरडतील नाही तर काय. सोन्यासारखी जोडी होती."

तो हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून डोळे पुसले. झेंझीने त्याचे बूट मागितले, पेचकस काढला आणि स्कीवरची बुटाची पकड त्याच्या मापाला सरकवली. निघताना चिकटपट्टीचं भेंडोळं त्याच्या कोटाच्या खिशात टाकलं.

शर्यतीच्या दिवशी बायका आधी सुटल्या. झेंझी आपल्या जुन्या जोडीवर उतरली आणि गेरलिंडेकडून चार दशांश सेकंदांनी हरली. गेरलिंडेने पहिल्या बक्षिसाची डुकराची मांडी जिंकली आणि ती कशी शिजवणार हे सगळ्यांना सांगत सुटली. झेंझीला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. तरी ती खालच्या जाळीशी उभी राहिली, भावाच्या एकाहत्तर नंबरची वाट बघत.

ओथमार सुटला. तिसऱ्या दाराशी तिने हेर्मिनेचा हात गच्च धरला. त्याने वजन टाकलं, स्की वाकली आणि वळली. मग चौथं दार, पाचवं, आणि मग झेंझीने मोजणं सोडून दिलं. शेवटून तिसरा आला तो. हेर्मिनेने धावत जाऊन त्याला मिठी मारली.

ओथमारने सावकाश स्की काढल्या, बर्फात उभ्या रोवल्या आणि झेंझीच्या हातात ते भेंडोळं ठेवलं. त्यातली बोटभर पट्टीही फाडलेली नव्हती. आकडा उघडाच होता आणि दूधसंघातली मंडळी एकमेकांना कोपर मारत होती.

"ओथमार, कोणाची रे ही?" एकाने विचारलं.

"बहिणीची," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिला लांब पडत होती."

आणि हे सांगताना त्याची पापणीसुद्धा हलली नाही, सतराव्या वर्षी वडिलांपुढे हलली नव्हती तशीच.