सहा सोनेरी रेकॉर्डी

पुरस्कार बनवणाऱ्या माणसाला पुरस्काराचं कौतुक उरत नाही. इस्रायलमधल्या किर्यात गात गावाच्या औद्योगिक भागातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी कितीतरी वर्षं हेच काम केलं, म्हणून सांगते. लष्करी तुकड्यांच्या ढाली, शाळांच्या फुटबॉल स्पर्धांचे कप, निवृत्त होणाऱ्या मास्तरांच्या पितळी पाट्या. पाट्या कोरायच्या मी आणि सोनेरी रंग फवारायचा तोही मीच. रंगाच्या खोलीला एक खिडकी होती, पण ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून मालकाने ती विटांनी बुजवून टाकली होती. मी सकाळी त्या खोलीत शिरायचे आणि चारच्या बसला बाहेर पडायचे. घरी वडील. माझं लग्न मोडलेलं, भावंड नाही, आई जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या दोन खोल्यांच्या घराला खिडक्या होत्या, पण समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एक नामांकित ब्रिटिश रॉक बँड आपल्या देशात कार्यक्रम करायला येणार म्हणून नुसता धुमाकूळ चालला होता. त्यांच्या रेकॉर्डी इथे विकणाऱ्या कंपनीला त्यांचा सत्कार करायचा होता. चौघांना एकेक सोनेरी रेकॉर्ड, एक त्यांच्या मॅनेजरला, आणि एक जादा, अशा सहा रेकॉर्डींचं काम आमच्याकडे आलं. मालक खूष. त्याने वर्तमानपत्रातलं एक कात्रण आणून माझ्या टेबलासमोर चिकटवलं: त्या चौघांना आजवर मिळालेले मानसन्मान. ती यादी संपता संपेना. गाणाऱ्याला राणीच्या हातून पदक, गिटारवाल्याला कुठल्याशा विद्यापीठाची मानद डॉक्टरेट, वर्षातला सर्वोत्तम बँड, आयुष्यभराच्या कामगिरीचा पुतळा, आणि सोन्याच्या-प्लॅटिनमच्या रेकॉर्डी तर देशोदेशींच्या. यातलं जे नेमकं पाट्यांवर हवं त्याच्याखाली मालकाने लाल रेघ मारली होती. इंग्रजी नावं होती, चूक झाली तर नाक कापलं जाईल, म्हणून मी एकेक अक्षर तीन-तीनदा तपासलं. हे मुद्दाम लिहून ठेवते. त्यांच्या नावातलं एकही अक्षर मी चुकवलं नाही.

अडचण वेगळीच निघाली. सोनेरी करायला रेकॉर्डी हव्यात, आणि इथे तर सगळं केव्हाच सीडीवर गेलं होतं. कंपनीने नुसती छापील लेबलं पाठवली.

"तुझ्या घरी जुन्या रेकॉर्डी असतील ना? तुम्ही भारतातले लोक काही टाकत नाही," मालक म्हणाला. तो स्वतः रुमेनियाचा, आणि तोही काही टाकत नसे.

"पण त्यांच्यावर हिंदी गाणी आहेत," मी म्हटलं.

"मग काय झालं? सगळीकडे असंच करतात. सोन्याखाली काहीही असतं. ती लावून ऐकतो कोण?"

घरी येऊन मी बाबांना विचारलं. आमच्याकडे आठ मोठ्या रेकॉर्डी होत्या, मुंबई सोडताना कपड्यांत गुंडाळून आणलेल्या. प्लेअरची सुई कधीची मोडली होती आणि तसली दुसरी मिळाली नव्हती. बाबा बाल्कनीत भाजी निवडत होते. "फिल्लमच्या असतील त्या ने गो," ते मान वर न करता म्हणाले. "कव्हरं तेवढी ठेव. चित्रं चांगली आहेत."

मी सहा कव्हरं निवडली. सगळ्यांवर नटनट्या. आतल्या रेकॉर्डी काढून घेतल्या आणि रिकामी कव्हरं कपाटात परत लावली. लेबलं पाहिली का? पाहिली. काहींवर इंग्रजी होतं, एकावर आपली अक्षरं होती. पण मी तीन वर्षांची असताना आम्ही इथे आलो. बोलायला मराठी, तीही घरापुरती. लिहायला-वाचायला हिब्रू, आणि पाट्या कोरण्यापुरती इंग्रजी अक्षरं. ती अक्षरं मला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसायची, त्यापलीकडे काही नाही. मी रेकॉर्डी धुतल्या, पुसल्या, सोनेरी रंगाचे तीन हात दिले आणि जुन्या लेबलांवर त्या बँडची लेबलं डिंकाने घट्ट बसवली. काम इतकं सुबक झालं की मालकाने बोट फिरवून पाहिलं आणि पुढचं काम माझ्यासमोर ठेवलं, म्हणजे त्याला आवडलं.

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो आला. चौघे ओळीत उभे, हातात माझ्या फ्रेमा. गाणारा दात काढून हसत होता. बाबांना तेव्हा भिंगातून थोडं दिसायचं. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"एवढी बक्षिसं ठेवतात कुठे हे लोक?"

"मालक म्हणतो, संडासात टांगतात."

"घ्या. तुझी आई एवढी गायची, तिला कुणी कधी साधा हार घातला नाही," ते म्हणाले आणि पेपर घडी करून उशाशी ठेवला. मी हसले. तेव्हा हसू आलं.

हिवाळ्यात आईची अझ्कारा आली, म्हणजे तिच्या जाण्याचा दिवस. सिनेगॉगमधून घरी आल्यावर बाबा म्हणाले, "कपाटातली आईची रेकॉर्ड आण जरा."

"आईची कुठली रेकॉर्ड?"

मग त्यांनी सांगितलं. आमच्या मराठी ज्यू समाजात लग्नाआधी मेंदीला गाणी म्हणतात. आई आणि तिच्याबरोबरच्या चार बायका ती गाणी इतकी छान म्हणायच्या की मुंबईत कुणा हौशी गृहस्थाने त्यांची एक रेकॉर्ड काढली. थोड्याच प्रती निघाल्या. मधल्या गोल कागदावर पाचही जणींची नावं मराठीत छापली होती, आईचं दुसरं. रेकॉर्डला साधं पांढरं पाकीट होतं, ते मुंबईच्या ओलीने कुजलं, म्हणून बाबांनी ती एका सिनेमाच्या कव्हरात घातली.

"कुठल्या?" मी विचारलं.

"छत्रीवाल्या बाईच्या."

छत्रीवाल्या बाईचं कव्हर मी स्वतः रिकामं करून कपाटात उभं केलं होतं. मी आतल्या खोलीत गेले, उरलेल्या दोन रेकॉर्डींतली एक त्यात सरकवली आणि नेऊन त्यांच्या हातात दिली. बाबांची नजर तोवर फारच अधू झाली होती, साखरेने. त्यांनी कव्हरवरून तळवा फिरवला, आतल्या रेकॉर्डची कड चाचपली आणि समाधानाने मांडीवर ठेवली. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आल्याआल्या मी भिंतीवरची सहावी रेकॉर्ड उतरवली. जादा केलेली ती मालकाने नमुना म्हणून टांगली होती. किटलीच्या वाफेवर तिचं लेबल सोडवलं. पाच गेल्या होत्या, एक माझ्या हातात होती, आणि हीच आईची निघू दे म्हणून मी बाजारात करतात तशी देवाशी घासाघीस करत होते. लेबलाचा कोपरा उचलला. खाली इंग्रजी अक्षरं होती. म्हणजे आई त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेली होती, त्यांच्या नावाखाली, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ते गिळून गप्प बसले असते. पण बाबांनी मनात घेतलं की मला मराठी वाचायला शिकवायचं. "मी गेल्यावर त्या कागदावरचं नाव वाचणारं कुणी राहणार नाही," ते म्हणाले. "माझ्या तोंडून नको. तुझ्या आईचं नाव तू वाच. मग मी सुटलो."

दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, दुपारी जेवणं झाली की शिकवणी. प्रार्थनेचं जुनं पुस्तक, डाव्या पानावर हिब्रू, उजव्या पानावर मराठी. शब्बाथला लिहायचं नसतं, त्यामुळे पेन नाही, पाटी नाही, नुसतं वाचन. बाबांना अक्षरं दिसत नव्हती, पण कुठल्या पानावर काय आहे ते पाठ होतं. मी सुरुवातीला डावीकडचं हिब्रू पाहून मनातल्या मनात मराठी करायचे. दोन आठवड्यांत त्यांनी पकडलं आणि डाव्या पानावर पंजाच ठेवला. "हिब्रूत चोरी नको. वाच."

मी कात्रीत सापडले. चांगलं वाचलं तर रेकॉर्ड बाहेर येणार. न वाचावं तर म्हातारा वाट पाहून झुरणार. मग मी मुद्दाम चुकायला लागले. भ आणि म मला केव्हाच कळले होते, तरी मी ते वर्षभर घोळवले. जोडाक्षर आलं की अडखळायचं, खोकायचं, पाणी प्यायला उठायचं. बाबा न चिडता पुन्हा सांगायचे. आयुष्यभर कापडाच्या गिरणीत उभं राहून काम केलेला माणूस, त्याच्याकडे धीर भरपूर होता, माझ्याकडे नव्हता. कधी मी हिब्रूत चिडायचे, "दाय, बाबा, पुरे." ते म्हणायचे, "बेसेदेर, ठीक आहे. पुढल्या शब्बाथला." त्या दुपारी मला त्या रंगाच्या खोलीपेक्षा जास्त कोंडल्यासारखं व्हायचं. तिथून निदान चारची बस होती.

हे तीन वर्षं चाललं. खोटं सांगत नाही, त्यात मला वाचायचा नाद लागला. चोरून, रोजच्या दिवशी, मी ते पुस्तक एकटी बसून घडाघड वाचायचे आणि शनिवारी पुन्हा मठ्ठ व्हायचे.

मग बाबांचे पाय सुजले. डॉक्टर नीट काही बोलेना. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या आठवड्यात ते शुक्रवारीच म्हणाले, "उद्या पुस्तक नको. उद्या रेकॉर्ड."

रात्रभर मी वाक्य जुळवलं. बाबा, ती माझ्या हातून गेली. मी रंगवली, मला वाचता येत नव्हतं म्हणून. अगदी सोपं वाक्य होतं. दुपारी मी त्यांना उशीला टेकवून बसवलं, कव्हरातून रेकॉर्ड काढली आणि दोन्ही हातांत धरली. तीही सिनेमाचीच, मराठी, लेबलावर छापील अक्षरं. आता ती वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसत नव्हती. मला सगळं स्पष्ट वाचता येत होतं.

"पहिलं सोड," बाबा म्हणाले. "दुसरं वाच."

त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, भिंतीकडे होते. हात मात्र पुढे आला होता आणि लेबलाच्या कडेवर टेकला होता. मी जुळवलेलं वाक्य काढायला तोंड उघडलं, आणि आईचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करत, शिकाऊ माणूस वाचतो तसं.

"परत."

मी परत वाचलं.

"स्वच्छ वाचलंस," ते म्हणाले. "बघ, येत होतं की तुला." आणि त्यांनी हात काढून घेतला.

दोन आठवड्यांनी बाबा गेले. रेकॉर्ड अजून छत्रीवाल्या बाईच्या कव्हरात आहे. मी त्यानंतर लिहायलाही शिकले, एकटीने, आणि आता हे लिहिते आहे. त्या लेबलावर पहिल्या ओळीत एका प्रसिद्ध गायिकेचं नाव आहे. दुसऱ्या ओळीत, जिथे मी माझ्या आईचं नाव वाचलं, तिथे छापलेलं आहे: आणि इतर.