झरोक्यातला बोळा

माझी आत्या पाहुण्याला चहा देते आणि चमचा परत आला की नाही ते बघते. मी तिचा सख्खा भाचा, पत्र्याची कामं करणारा मिस्त्री. पण तिच्या शेडमधून निघताना माझ्या अवजारांच्या पिशवीत ती डोकावल्याशिवाय राहत नाही. "तुझ्यावर संशय नाही रे. पिशवी जड दिसली, म्हणून म्हटलं." तिचं हे 'म्हणून म्हटलं' साऱ्या गल्लीला पाठ आहे. मी चिडतो, ती हसते, पण पिशवी बघायची ती बघतेच.

आत्या कसाव्याचं पीठ करते. कसावा म्हणजे जमिनीखालचा कंद, दिसायला रताळ्याचा थोराड भाऊ. तो सोलायचा, धुवायचा, किसायचा, कीस पोत्यात भरून दाबाखाली पिळायचा, झालेल्या ढेपा फोडून सुकवायच्या आणि दळायच्या. नवरा गेल्यावर आत्याने हा उद्योग आपल्या जावेला हाताशी धरून उभा केला. या जावेला घरचेदारचे सगळे धाकटीच म्हणतात. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, आणि तिची चूल आत्याच्या शेडवरच पेटते. कामाची वाटणी पहिल्यापासून सरळ आहे. धाकटीकडे वाळवण, आत्याकडे किल्ल्या.

वाळवणखोलीतलं यंत्र म्हणजे पत्र्याचं एक उंच कपाट. आत किसाचे ट्रे, बाजूला लाकडाची भट्टी, आणि भट्टीवरची गरम हवा आत ढकलणारा पंखा. कपाटाच्या माथ्यावर हवा बाहेर पडायला एक झरोका आहे. लाकूड फार जळतं, काहीतरी कर, असं आत्याने सांगितलं म्हणून मी कपाटावर चढलो, तर झरोक्यात जुन्या पोत्याचा बोळा ठासून भरलेला.

"हा कोणी कोंबला?"

"मीच," आत्या खालून म्हणाली. "गरम हवा फुकट पळत होती तिथून. लाकूड माझं जळणार आणि ऊब आभाळाला?"

माणसांचं सोडा, बाईचा हवेवरसुद्धा भरवसा नव्हता! मी तिला समजावलं, की किसातलं पाणी हवा उचलते, आणि ती ओली हवा बाहेर गेली नाही तर पीठ सुकणार कसं? आतल्या आत दमट वाफाऱ्यात बसून राहणार. उलट जिथे फटी नकोत तिथे, म्हणजे दारालाच, बोट जाईल एवढ्या फटी होत्या आणि त्यातून गार हवा खुशाल आत शिरत होती. मी दाराला रबराची पट्टी बसवली, भट्टीकडून येणाऱ्या नळाला जाड आवरण गुंडाळलं, धाकटीला ट्रेवर थर पातळ द्यायला सांगितलं आणि बोळा उपसून खाली टाकला. आत्याने तो उचलून झटकला आणि घडी घालून ठेवून दिला. "राहू दे. लागेल."

यंत्र झकास चालू लागलं. लाकडाचा ढीग उतरेनासा झाला, पीठ दुपारीच तयार होऊ लागलं. धुरामुळे धाकटीचे डोळे कायम लाल असायचे, तेही निवळले. ती मला म्हणाली, "आता जरा ह्यांच्याजवळ बसायला वेळ मिळतो." मला बरं वाटलं. आणि तिथेच आत्याच्या मनात पाल चुकचुकली.

तेवढ्याच कंदांचं पीठ वजनकाट्यावर कमी भरत होतं. दर पोत्यामागे तीन-चार किलोंची तूट. आत्याने काटा पुसून घेतला, दुसरा आणला. तूट तशीच. "पीठ झरोक्यातून उडतंय," असं ठरवून तिने झरोक्यावर पातळ फडकं बांधलं. तासाभराने सोडलं तर त्यावर पिठाचा कण नव्हता, फडकं मात्र ओलं होतं.

"हे बघ," मी म्हणालो. "हे गेलं तुझं वजन. पाणी आहे ते."

"पाणी?" आत्याने पिठाची मूठ आवळून माझ्या नाकासमोर उघडली. "आयुष्य गेलं माझं यात. हाताला कळतं मला. माझं पीठ आधीही कोरडंच होतं. तू मला शिकवू नकोस."

गाठ इथेच होती. पाणी आत्ता गेलं असं मान्य करायचं, तर आजवरचं पीठ ओलं होतं हेही मान्य करायला हवं. आत्याचं पीठ घेणाऱ्या पाववाल्याने मागे पोती परत पाठवली होती, आत बुरशी लागली म्हणून. तेव्हा आत्याने भर बाजारात त्याचा उद्धार केला होता, की यानेच पाणी मारलं आणि आता भाव पाडतोय. ते सगळं गिळायचं? त्यापेक्षा चोर शोधणं सोपं. आणि सुक्या पिठात वावरून दुपारीच लवकर घरी जाणारं शेडमध्ये एकच माणूस होतं.

धाकटी काम आटोपून निघाली होती. कंद सोलणाऱ्या बायका हात धूत होत्या. आत्या दारात आडवी आली.

"पिशवी दाखव गं."

धाकटीला आधी ती थट्टाच वाटली. मग तिने पिशवी पुढे केली. आत्याने डबा उघडला, रुमाल झटकला, औषधाची बाटली उजेडाकडे धरली. "आणि एप्रनचे खिसे?" धाकटीने खिसे उलटे केले. दोन्ही शिवणींत पिठाची चिमूटभर भुकटी होती, वाळवणात दिवसभर उभ्या राहणाऱ्या कोणाच्याही खिशात असते तशी. आत्या त्या भुकटीकडे बघत म्हणाली, "वजन कमी येतंय. म्हणून म्हटलं."

बायकांच्या हातावरचं पाणी वाहतच राहिलं. मला आत्याचा इतका राग आला, की हातातला पाना मी दाणकन खाली आपटला. "डोकं फिरलंय का तुझं?" तिने मलाही सुनावलं, "तू यंत्राला हात लावल्यापासूनच सुरू झालंय हे." धाकटी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, आणि बाजारभर झालं, की धाकटी पीठ पळवत होती. तिला आता दुसरं कोण कामावर घेणार?

आत्याने वाळवण स्वतःकडे घेतलं. वाळवणखोलीचं दार आतून बंद, किल्ली गळ्यात. ढेपा तिनेच फोडल्या, ट्रे तिनेच लावले, पोतं तिनेच शिवलं. काट्यावर ठेवलं, तर तूट तेवढीच! मी गेलो तेव्हा ती पोत्याशेजारी बसली होती, आणि आता संशय घ्यायला खोलीत तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

मला बघून ती उठली. कोपऱ्यात बोळा काढण्याआधीचं एक पोतं पडून होतं. त्यातलं पीठ तिने पातेल्यात घेतलं, मंद आचेवर ठेवलं, वर ताट झाकलं. शेजारच्या चुलीवर तसंच नवं पीठ. थोड्या वेळाने ताटं उलटली. नव्याच्या ताटावर नुसती वाफ धरली होती. जुन्याच्या ताटावरून थेंब ओघळले आणि तिच्या पायावर पडले.

आत्याने आपला तळहात पुढे धरला आणि त्याच्याकडे बघितलं. कपाटातून काढलेलं गरम पीठ त्या हाताला नेहमी कोरडंच लागलं होतं. "म्हणजे मी पाणी विकत होते," ती म्हणाली. "पाववाला खरं बोलत होता." मग तिने ते ओलं ताट उचललं. "आणि तिला मी चारचौघींत..."

त्याच पावली ती धाकटीकडे गेली. मी मागून होतो. दारातच तिने ते ताट दाखवलं. "पाणी होतं गं. तू नव्हतीस. चुकले मी. मी बाजारात सगळ्यांना सांगेन." आतून नवऱ्याच्या खोकल्याचा आवाज आला. धाकटीने आत बघितलं, मग ताटाकडे, आणि म्हणाली, "उद्या येते, ताई."

आत्याने शब्द पाळला. सकाळी ती बाजारात गेली, आधी पाववाल्याची माफी मागितली, मग दुकानोदुकानी उभी राहून स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. परत येऊन वाळवणखोलीची किल्ली धाकटीच्या हातात ठेवली आणि तो घडी घातलेला बोळा भट्टीत टाकला. दिवसभर ती धाकटीच्या मागे-पुढे करत होती. चहा आण, पाणी आण. वाटलं, संपलं एकदाचं.

दुपारी काम आटोपलं. बायका हात धूत होत्या. धाकटीने यंत्राचं दार लावलं, पिशवी उचलली आणि दारापाशी येऊन थांबली. पिशवी तिने खाली ठेवली, डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं. मग एप्रनचे दोन्ही खिसे बाहेर ओढले आणि उभी राहिली.

"अगं, हे काय..." आत्या म्हणाली.

"बघून घ्या, ताई. मला घरी जायचंय."

खिसे आत सारायला आत्याचा हात पुढे गेला, तशी धाकटी एक पाऊल मागे सरली.