दोन नोटिसा

आवडाबाईला कोणी ‘सरक’ म्हटलेलं खपत नसे. दिघीची लेक, सोळाव्या वर्षी लग्न होऊन खारकोंडच्या खाडीकाठी आली. एकोणपन्नास साली नवरा समुद्रावर गेला तो परतला नाही. होडी दिराने नेली. “खळंही दे, तू एकटी काय करणार?” असं तो म्हणाला, तेव्हा ती खळ्याच्या मधोमध मांडी घालून बसली आणि तीन दिवस उठली नाही.

ते खळं म्हणजे शेणाने सारवलेला जमिनीचा तुकडा. खाली जवळा पसरायचा, वर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील टांगायचे. शेजारून एक गाडीवाट जाई. वाटेच्या एका अंगाला खारकोंड नगरपालिकेची हद्द, दुसऱ्या अंगाला आंबेखार ग्रामपंचायतीची.

साठ सालच्या दिवाळीनंतर नगरपालिकेने ठराव केला, गावचा केर हद्दीबाहेर टाकावा. महिन्याभरात पंचायतीनेही तोच ठराव केला, अगदी त्याच शब्दांत. दोघांचं ‘हद्दीबाहेर’ नेमकं आवडाबाईच्या वाटेवर येत होतं. राख, चिंध्या, फुटक्या बाटल्या, खाटकाकडची घाण, सगळं खळ्याला लागून पडू लागलं. माशा घोंगावू लागल्या. म्हसळ्याच्या बायका वर्षानुवर्षं तिचीच सुकट नेत. त्यांनी मूठभर उचलून हुंगली आणि परत ठेवली.

ती नगरपालिकेत गेली. नगराध्यक्ष हिरामणशेठ म्हणाले, “बाई, ती जागा आमच्या हद्दीत नाही. म्हणून तर तिथे टाकतो.”

सरपंच भागोजी तिच्या माहेरच्या नात्यातला. तो म्हणाला, “आत्ये, आमच्या बी हद्दीत न्हाय ती.”

“मग मी ऱ्हाते कुठं रे? आभाळात?”

भागोजी हसला. तिथेच त्याचं चुकलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचा गाडीवान मोरू केराची गाडी घेऊन आला, तर वाटेवर आडव्या चार वलांड्या उभ्या, वर ओले बोंबील लोंबताहेत. बैलांनी नाकं फेंदारली.

“आवडाबाय, वाट सोड.”

“वाट कुठं हाय? वाळवण हाय हे.”

“कधी वाळतील गं?”

“घाई हाय तर तू बी ये टांगून घ्यायला.”

मोरूची बोंबलांना हात लावायची छाती झाली नाही. अख्खा कोळीवाडा पाहत होता. पलीकडून पंचायतीची गाडीही आली आणि तशीच उलट फिरली. चार दिवसांत खारकोंडच्या बाजारात दुकानांपुढे केराचे ढीग साचले. आंबेखारला देवळामागे तीच गत.

पाचव्या दिवशी नगरपालिकेची नोटीस आली. सहाव्या दिवशी पंचायतीची. आवडाबाईला वाचता येत नव्हतं. शाळेत शिकवणाऱ्या नलूबाईंनी दोन्ही वाचून दाखवल्या.

“पुन्हा वाचा, बाई. सावकाश.”

“‘सदरहू रस्ता नगरपालिकेच्या हद्दीत असून आपण त्यास अडथळा केला आहे.’ आणि ही दुसरी. ‘सदरहू रस्ता ग्रामपंचायतीच्या हद्दीत असून...’”

आवडाबाईने दोन्ही कागद घेतले, बोंबलांच्या मधोमध टांगले आणि निरोप धाडला, की कागदाचं उत्तर हवं असेल तर धन्यांनी स्वतः यावं.

दोघेही आले, नाकाला उपरणं लावून. तिने खळ्यावर चटई टाकली, बरोबर ढिगाच्या वाऱ्याला. नलूबाईंनी नोटिसा मोठ्याने वाचल्या.

हिरामणशेठ खाकरले. “कारकुनाची चूक झाली.”

“मग तसं लिवून द्या. रस्ता तुमचा न्हाय. माझ्या वलांड्या ऱ्हातात हितंच.”

“आणि आमचा असेल तर?”

“तर कचरा बी तुमच्याच हद्दीत पडलाय, शेठ. उचला.”

भागोजी फिसकन हसला. ती त्याच्याकडे वळली. “तू का दात दाखवतोस? दुसरा कागद तुझा हाय.”

त्याच सकाळी टांगलेला एक बोंबील हिरामणशेठच्या टोपीवर ठिबकत होता आणि बाजूला सरकायचं तर ढिगाकडे सरकावं लागत होतं. शेवटी भागोजी म्हणाला, “आमच्याकडं डोंगराखाली पडीक कातळ हाय. जागा हाय, पण गाडी एकच, ती बी मोडकी.”

“आमच्याकडे चार गाड्या आहेत,” हिरामणशेठ म्हणाले, “जागाच नाही.”

दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू आजच ओळख झाली.

त्याच चटईवर ठरलं. खड्डा आंबेखारचा, गाड्या खारकोंडच्या. काच-पत्रा वेगळा काढून भंगारवाल्याला द्यायचा, बाकीचं कुजवून खत करायचं, ते दोन्ही गावच्या शेतांना. नलूबाईंनी लिहून घेतलं, दोघांनी सह्या केल्या. तरीही आवडाबाईने वलांड्या हलवल्या नाहीत. जुना ढीग शेवटच्या चिंधीपर्यंत उचलून झाला आणि मोरूची गाडी कातळाच्या रस्त्याला वळलेली तिने स्वतः पाहिली, मगच बांबू उपटले.

सदुसष्ट साली नवे नगराध्यक्ष आले. पहिला खड्डा भरला होता, दुसरा खणायचा होता. मधले आठ दिवस खाडीकाठी केर टाकला तर चालेल का, हे विचारायला त्यांनी कारकून पाठवला. आवडाबाईला तेव्हा नीट दिसत नव्हतं. तिने ट्रंकेतून ते दोन पिवळे कागद काढून त्याच्या हातावर ठेवले आणि भिंतीला टेकवलेले बांबू एकेक करून उचलायला लागली.

“टाका की,” ती म्हणाली. “आधी मला नवी नोटीस द्या.”

कारकून कागद वाचत उभा राहिला. मग त्याने त्यांची नीट घडी केली, तिच्या हातात दिली आणि आला त्या वाटेने परत गेला. दुसरा खड्डा त्याच आठवड्यात खणला गेला.